तळ्याला लावलेली वाघर

आटपाडीकडच्या माळावर धुळाच्या घरामागं शेततळं झालं, तेव्हापासून हा गडी जरा गोंधळलेलाच असतो. जन्म गेला मेंढरांमागं, उतारवयात डाळिंबं लावली. तळ्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. त्याला शेवाळ धरलं की आत पडलेलं माणूस वर येत नाही, म्हणून कृषी सहायकानं बजावलं, "आबा, तळ्याला कुंपण घाला."

"कशाला? पाणी पळून जातंय व्हय?"

"घरात चार वर्षांची नात आहे तुमच्या," एवढंच बोलून तो गाडीला किक मारून गेला.

धुळाच्या हिशोबी कुंपण म्हणजे आतल्याला आत ठेवायचं. इथं आत पाणी, ते निघालंय कुठं? पण नातीवर, अपेक्षावर, त्याचा लय जीव. म्हणून त्यानं वाघर बाहेर काढली. वाघर म्हणजे मेंढरं बसवली की भोवती लावायची दोरीची जाळी. मेढी ठोकून ती तळ्याभोवती ताणली आणि मिशीवर हात फिरवला. या जाळीतून आजवर एक कोकरू निसटलं नव्हतं.

दुसऱ्या दुपारी बघतो तर अपेक्षा मेढीला बिलगून वाघरीच्या शेंड्यावर. एक पाय अलीकडं, एक पाण्याकडं. भोकांत पाय देत शिडीगत चढली होती. धुळानं पळत जाऊन तिला उचललं आणि घराकडं हाक मारली.

सून मंगल धावत आली. पोरीला कडेवर घेऊन म्हणाली, "मामा, मेंढरू चढतं का?"

"न्हाई."

"आन् पोरगी?"

मेंढरांत राहून हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

मग वाघर निघाली, गुळगुळीत उभे पत्रे लागले, दार बसलं. आता कडी.

"आतनं लावू का भायेरनं?"

"आवं, आतनं लावल्यावर तुमी भायेर कसं येनार?"

"भायेरनं लावली तर ही काढंल की."

"उंच लावा. माझा हात पोचंल तितकी."

मंगल उंचीपुरी, धुळा बसका. अपेक्षानं उड्या मारून पाहिल्या, कडी हाती लागली नाही. धुळाच्याही लागली नाही. त्यानं दगड आणला, तर मंगल म्हणाली, "त्यावर ती बी चढंल."

दगड गेला. आता पत्र्याआतली पाण्याची मोटर चालू करायची झाली की धुळा दारापुढं उभा राहून सुनेला हाक मारतो. बहुतेक वेळा आधी अपेक्षाच येते, आणि दोघं मंगलची वाट बघत बाहेर थांबतात.