दहापैकी चार

माणूस असेपर्यंत त्याचे किस्से फार वाढत नाहीत. तो समोरच बसलेला असतो आणि मध्येच म्हणतो, "असं झालंच नव्हतं!" तो गेला की अडवायला कोणी उरत नाही. मग किस्से साठतात आणि सुजतातही. माझा धाकटा भाऊ नंदू जाऊन अकरा महिने झाले. या अकरा महिन्यांत त्याचे इतके किस्से कानावर आले, की हा कोण माणूस, आमच्या घरी कधी जेवला होता का, असं मला वाटायला लागलं. म्हणून खरे होते तेवढे सांगून टाकते. मी तिथे होते. मार्क मीच मोजायची.

तिथे म्हणजे राजेंद्र नगरमधल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत. दर रविवारी सकाळी पोहे-जिलबी झाली की चार माणसं तिथे जमायची आणि एकाच प्रश्नावर भांडायची: रॉक गिटार वाजवणाऱ्यांत सगळ्यात मोठा कोण? एक आमचा नंदू, दिवसा विम्याच्या ऑफिसात क्लार्क, संध्याकाळी गिटार. दुसरे भालेराव, सरकारी इंजिनियर. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे चहा मागतानाही आवाज हुकूम सोडल्यासारखा. तिसरे सोनी सर, भंवरकुआं चौकातल्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. चौथे इक्बाल भाई, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान. आणि पाचवी मी. मला गिटार येत नाही. शाळेत गणित शिकवते, म्हणून मार्क माझ्याकडे आले.

वीस-बावीस वर्षं हे चाललं.

*

पहिल्याच वर्षी मोठं भांडण झालं. कॅसेट सुरू व्हायच्या आधी, नुसतं कव्हर बघून, भालेरावांनी नऊ मार्क जाहीर केले.

सोनी सर म्हणाले, "भिया, अभी बजा कहाँ है?"

"नाव बघितलं ना? बस, हो गया!"

मी खाली गेले, दोरीवरचा टॉवेल काढला, वर आणला आणि टेपरेकॉर्डरवर टाकला. कव्हर लपवलं. कोण वाजवतंय ते सांगायचं नाही. सगळ्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि संपलं की डोळे न उघडताच बोटं वर करायची, म्हणजे कोणी कोणाचं बघून मार्क देणार नाही. डोळे उघडे फक्त माझे. मार्क लिहायचे ते लोखंडी कपाटाच्या दाराला आतून, खडूने. पुढे टेपरेकॉर्डर गेला, सीडी आली, सीडी जाऊन मोबाइल आला. कव्हरच उरलं नाही. तरी टॉवेल राहिला.

खऱ्या नावांनाही बंदी घातली. मोठं नाव ऐकलं की यांचे कान बंद व्हायचे. म्हणून प्रत्येकाला खोलीतलं नाव: सुसाट बोटांचा तो घोडा, एकही सांधा दिसू न देणारा तो सुतार, वाजवता वाजवता थांबणारा तो मुका. दोनपासून दहापर्यंत नंबर भरले, पुसले, पुन्हा भरले. पहिला नंबर मात्र रिकामा राहिला. त्यासाठी चौघांचं एकमत हवं, असा माझा नियम होता. एकमत कधी झालं नाही.

*

सोनी सरांचा सिद्धांत सोपा होता. जो एका सेकंदात जास्त सूर वाजवतो, तो मोठा. "दीदी, जिसको नाप नहीं सकते वो सब गप है." ते डोळे मिटून मांडीवर बोटांनी सूर मोजायचे आणि घोड्याला पहिला नंबर मागायचे.

एका रविवारी नंदूने टॉवेलखाली काहीतरी लावलं. तडतडतडतड! न थांबता दीड मिनिट. सोनी सरांची बोटं मांडीवर थकली. डोळे मिटून त्यांनी नऊ बोटं वर केली. "कौन है ये? सेकंद के चौदह! गजब!"

इक्बाल भाईंची दोनच बोटं वर होती. "मशीन में तेल डालो," ते म्हणाले.

ते आईचं शिलाई मशीन होतं. गिटारचा आवाज बदलायचं जे पेडल असतं, त्यातून नंदूने त्याचा आवाज रेकॉर्ड केला होता.

सोनी सर महिनाभर आले नाहीत. हेच सोनी सर परवा कोचिंगच्या पोरांना सांगत होते, "नंदू भिया की स्पीड थी, स्पीड!" कसली स्पीड? नंदूला स्कूटरसुद्धा हळू चालवायची सवय होती.

*

भालेरावांचा सिद्धांत बाहीचा. गाणं जरा आवडायला लागलं की ते उजवी बाही कोपरापर्यंत वर करायचे आणि हात पुढे धरायचे. अंगावर काटा आला तर संगीत मोठं, नाही तर नाही.

एका जानेवारीत त्यांनी घोड्याला नऊ दिले, सुताराला नऊ दिले, मुक्याला, ज्याला ते बारा वर्षं शिव्या घालत होते, त्यालाही नऊ दिले. आम्ही थक्क झालो. मग इक्बाल भाईंनी वर बघितलं आणि पंखा बंद केला.

पुढच्या रेकॉर्डला पाच.

हे भालेराव शोकसभेत म्हणाले, "नंदू वाजवायचा तेव्हा अंगावर काटा यायचा." बावीस वर्षांत नंदूसाठी त्यांनी एकदाही बाही वर केली नाही. मला माहीत आहे. डोळे माझे उघडे होते.

*

आता नंदू.

वर्षातून एक-दोनदा तो स्वतःचं रेकॉर्डिंग गुपचूप टॉवेलखाली सरकवायचा. मार्क पडायचे चार. कधी तीन, पण बहुतेक चार. इक्बाल भाई डोळे न उघडता म्हणायचे, "जो भी है, तीसरा तार उतरा हुआ है."

"मी आहे!"

"तो तेरा उतरा हुआ है."

नंदू मोठ्याने हसायचा. कपाटावर दहाच्या खाली, अगदी तळाशी, मला चार लिहायला लावायचा आणि खाली येऊन जेवायचा. पाच द्या, असं त्याने कधी म्हटलेलं मला आठवत नाही.

त्याच्या गिटारची तिसरी खुंटी सैल होती. तार सुरात लावली तरी दोन मिनिटांत उतरायची. इक्बाल भाई हात पुढे करायचे, "ला, पाँच मिनट का काम है." नंदू द्यायचा नाही. म्हणायचा, ती तार जरा उतरलेलीच बरी वाटते, तिच्यामुळे मी घाई करत नाही. मोठं कोण, या प्रश्नावर त्याचं उत्तर एकच होतं: कुठे वाजवायचं नाही हे ज्याला कळतं तो. इक्बाल भाईंचं उत्तरही एकच होतं: "जो सुर में है, वो. बाकी सब पब्लिसिटी."

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी हे फार पेटलं. इक्बाल भाई म्हणाले, "चालीस साल से लोगों के तार मिला रहा हूँ, मेरी दुकान झूठी है क्या?"

आणि नंदू रागात बोलून गेला, "इक्बाल भाई, तुम्ही खुंट्या पिळा. म्युझिक आमच्यावर सोडा."

इक्बाल भाईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्यानंतर ते नंदूशी बोलले नाहीत.

*

बोलले नाहीत, पण रविवार कधी चुकवला नाही. दोघंही तिथेच, मध्ये पाच फुटांचं अंतर आणि मी!

"दीदी, बोलना उसको, तीसरा तार उतरा हुआ है."

मी नंदूकडे वळायची. "तिसरी तार उतरली आहे म्हणतात."

"त्यांना सांग, मला माहीत आहे."

मी इकडे वळायची. "त्याला माहीत आहे."

"बोलना, मालूम है तो पहले ट्यून करे."

दोन वर्षं मी टेलिफोन एक्सचेंज होते. एकदा चिडून नंदूला म्हटलं, "सॉरी म्हण आणि मोकळा हो. चूक तुझी आहे." त्याने मान हलवली. "म्हणतो ग, ताई. पुढच्या रविवारी." तो हे दर आठवड्याला म्हणायचा. मग एका गुरुवारी ऑफिसातच त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि पुढचा रविवार आलाच नाही.

स्मशानात इक्बाल भाई फाटकाबाहेर उभे होते. आत आले नाहीत, माझ्याशी बोलले नाहीत, निघून गेले. त्यानंतर रविवारीही आले नाहीत. त्या दिवसांत मला सगळ्यांचाच राग होता, पण त्यांचा सर्वांत जास्त.

*

शोकसभेत फ्लेक्स होता. नंदूचा फोटो, हातात लाल गिटार, गिटारमधून ज्वाळा निघताहेत. खाली लिहिलेलं, 'गिटारसम्राट'. नंदूची गिटार तपकिरी होती आणि तिचा एक कोपरा उडालेला होता. ही लाल कोणाची, हे मी विचारलं. भालेराव म्हणाले, "ताई, ती डिझायनरने टाकली. इफेक्टसाठी."

मग ते माइकवर गेले. "आज मी जाहीर करतो. आमचा नंदू, दहापैकी दहा!"

टाळ्या पडल्या. शेजारच्या बाई माझा हात धरून म्हणाल्या, "रडा, ताई. मोकळ्या व्हा." मला रडायचं नव्हतं. मला माइक हिसकावून घ्यायचा होता. पण आमच्या घरात लोकांसमोर आवाज चढवायची पद्धत नाही. मी नुसतं पाणी प्यायले.

*

मागच्या महिन्यात एका रविवारी भालेराव आणि सोनी सर बऱ्याच दिवसांनी आले. बरं वाटलं. मी पोहे आणायला खाली गेले. वर आले तर कपाट उघडं, आणि बावीस वर्षं रिकाम्या असलेल्या पहिल्या नंबरावर लिहिलेलं: नंदू.

खडूने नाही. परमनंट मार्करने!

"सरप्राइज, ताई!" भालेराव म्हणाले.

"पुसा."

"अहो, प्रेमाने लिहिलंय."

"प्रेम घरी. इथे मार्क. बावीस वर्षं तुम्ही त्याला चार दिलेत. त्याचं वाजवणं तुम्ही ऐकत होता म्हणून चार दिलेत. त्याला ते चालत होते. आज दहा कशाचे?"

सोनी सर पायांकडे बघायला लागले. भालेराव मात्र खरंच दुखावले. त्यांचा हुकमी आवाज एकदम खाली आला. "ताई, मेलेल्या माणसाला कोणी चार देतं का?"

मी पोह्यांच्या बश्या उचलून पुन्हा खाली नेल्या. ते गेल्यावर मी कपाट रॉकेलने पुसलं, स्पिरिटने पुसलं, घासणीने घासलं. रंग निघाला, नाव निघालं नाही.

*

त्याच आठवड्यात मी राजवाड्यामागच्या दुकानात फोन केला. "इक्बाल भाई, रविवारी या. काम आहे."

गिटार दुरुस्त करायची असेल, असं त्यांना वाटलं असावं. अवजारांची पिशवी घेऊनच आले. दाढी पूर्ण पांढरी झाली होती. खोलीत शिरल्यावर ते नेहमीच्या जागी बसले, समोरची नंदूची जागा सोडून. भालेराव आणि सोनी सरही आले होते.

मी म्हटलं, "एक ऐकायचं आहे. मार्क द्या."

नंदूचा मोबाइल टॉवेलखाली ठेवला. त्यात त्याच्या शेवटच्या रविवारचं रेकॉर्डिंग होतं, हे लोक यायच्या आधी याच खोलीत केलेलं. मीही ते तोवर ऐकलं नव्हतं. मी बटण दाबलं. तिघांनी डोळे मिटले.

दोन मिनिटांचं होतं. हळू. मध्ये एकदा तो थांबला, आणि खालच्या रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक आली. मग पुन्हा सुरू झालं.

संपलं. बोटं वर आली.

भालेरावांची तीन. बाही मनगटाशीच बटण लावलेली. "कोण आहे हा? कोचिंगची पोरं होस्टेलवर वाजवतात तसं वाजवून राहिला."

सोनी सरांची दोन. "बहुत स्लो है, दीदी. हाथ ही नहीं बैठा अभी."

इक्बाल भाईंनी चार बोटं वर केली.

मी तीन लिहिले, दोन लिहिले, चार लिहिले. बाकी दोघांनी डोळे उघडले होते. इक्बाल भाईंनी उघडले नाहीत. हातही खाली घेतला नाही.

"दीदी," ते म्हणाले, "बोलना उसको, तीसरा तार उतरा हुआ है."

मी म्हटलं, "सांगते."