पाण्याला विचारणारे हिरूनाना

हिरूनानांनी मला पुन्हा सुतार केलं. त्यांचं नाव आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं सांगताना माझी नेहमीसारखी गडबड होणार.

पनवेलजवळच्या ओवे गावात त्यांच्या घराच्या माडीवर मी भाड्याने राहायचो. माझं घर दूर, वाशीमकडे. आठवीत शाळा सुटली, हातात रंधा आला आणि फर्निचरच्या कामामागे पनवेलला पोचलो. खोली बघायला गेलो त्या दिवशी नानांनी पेल्यातलं घोटभर पाणी टेबलावर ओतलं आणि ते कुठे जातं ते बघत बसले.

"खिडकीकडं चाललंय. त्या अंगाचा पाय आखूड हाय. डोल्यांवर इस्वास ठेवू नको, पान्याला इचार."

"हा पन पलून जाईल बगा," नानी आतून म्हणाल्या.

नानांचं बालपण वडिलांच्या मिठागरात गेलं. वाफ्याचा तळ सपाट नसला तर एका कोपऱ्यात मीठ धरतं, दुसऱ्यात चिखल राहतो, हे त्यांना अक्षर ओळखायच्या आधी कळलं होतं. मिठागर गेलं, तिथे इमारती आल्या. नाना कारखान्यात फिटर झाले, निवृत्त झाले, आणि खाली गोठ्याच्या जागेत प्लायचा आठ बाय चार फुटांचा अख्खा तक्ता कापणारं यंत्र बांधायला बसले. सीएनसी राउटर. संगणकावर आकार आखायचा, फिरतं पातं तो लाकडात उतरवतं.

"सैपाकघरातल्या कपाटाचं दार लागत नाय," नानी म्हणायच्या, "आन् म्हातारा लोखंडाचा बैल बांधतोय गोठ्यात!"

त्याच वर्षी साइटवर कटरखाली फळी उसळली आणि माझ्या तर्जनीचं टोक गेलं. जखम भरली, पण कटरचा आवाज झाला की हात थरथरायचा. मी साइटवर ताप आलाय सांगायचो, गावी फोनवर काम जोरात आहे सांगायचो. दुसरं काही येत नव्हतं. हात असाच राहिला तर काय तोंडाने परत जायचं, एवढाच विचार दिवसभर.

एका दुपारी नाना जिन्याखालून ओरडले, "ताप बोटाला आलाय काय रं? खाली ये. मापाची फीत धर."

मी फीत धरली, ती चार महिने. लोखंडी फ्रेम उभी राहिली. पहिल्या चाचणीत पात्याने एका कोपऱ्यात प्लाय आरपार कापला आणि समोरच्या कोपऱ्यात नुसता ओरखडा काढला. नाना हसले. "चिखल आन् मीठ," म्हणाले.

मग त्यांनी फ्रेमच्या, ज्यांच्यावरून पातं पुढेमागे सरकतं त्या दोन्ही लांब तुळयांच्या कडांना पुट्टीचे बांध घातले आणि दोन तुळयांना जोडणारा एक छोटा पाट काढला. त्यात इपॉक्सी ओतलं. दोन डब्यांतलं मिसळून केलेलं, मधासारखं वाहणारं. सुकलं की काचेसारखं कडक. पाटातून ते हळूहळू इकडचं तिकडे गेलं आणि दोन्हीकडे एका पातळीला येऊन थांबलं. दारातून आभाळ त्यात उतरलं. नाना स्टुलावर बसून बघत राहिले. "बाबा दिसतो," एवढंच म्हणाले. मलाही वाटलं, गोठा संपून पुढे पांढरे वाफे लागलेत आणि दूर कुणीतरी वाकून फळी ओढतंय.

दोन दिवस कुणी आत जायचं नव्हतं. मला राहवलं नाही. सुकतंय की बिघडलंय, या काळजीने दुसऱ्या दिवशी सकाळीच आत गेलो आणि बोट लावलं. बोटासोबत तार आली, मागे खळगा राहिला.

तिसऱ्या दिवशी नानांचा तळहात तुळईवरून फिरत फिरत तिथेच थांबला.

"कोन गेलता वाफ्यात?"

आता खोली सोडावी लागणार, असं वाटलं. "मी, नाना."

"माजा बाबा पन दर साली हेच इचारायचा. आन् दर साली मीच असायचो." त्यांनी लोखंडी रूळ उचलून खळग्यावर ठेवला. "रूल वरनं जातो. ऱ्हाऊ दे."

मशीन सुरू करायची वेळ आली तेव्हा बटण त्यांनी मला दाबायला लावलं. हात थरथरत होता. "थरथरू दे. कापायचं काम मशीनचं. तू नजर ठेव."

भुसा उडाला, नानांच्या भुवयांवर मीठ धरल्यासारखा बसला. चारी कोपरे सारखे कापले गेले. ते नानींच्या कपाटाचं दार होतं. नानींनी ते लावून बघितलं. "लागलं बाई! आता उघडतंय का बगा."

आज मी त्याच मशीनवर काम करतो. गावी फोन करताना खोटं बोलावं लागत नाही. नानांचे गुडघे गेले. लेक दोघांना उरणकडे घेऊन गेली. जाताना किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "रोज पुसत जा." अजून फोनवर आधी विचारतात, "चारी कोपरं सारकं हायेत ना?"

गोठ्याच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांची वाफा सपाट करायची फळी टांगलेली आहे. अर्धी वाळवीने खाल्लेली, मुठीच्या जागी हाताने झिजून खोलगट झालेली. तिचा आकार मी वर्तमानपत्रावर उतरवून घेतलाय. सागाची चांगली फळी मिळाली की तशीच नवी करून उरणला नेईन आणि नानांच्या हातात देईन. बाहेरचा आकार मशीन कापेल. मुठीची ती झीज मात्र मी पटाशीने काढीन, माझ्या हाताने. थरथरला तरी.