चौकटीवरच्या खाचा

नवी भिंत जुनी करणं हा डागबाईंचा धंदा. सुतारांनी सेट उभा केला, रंगाऱ्यांनी रंगवला, की सगळ्यात शेवटी त्या यायच्या. हातात उकळलेल्या चहाचं पाणी, काजळी, मेणाचा तुकडा आणि एक फाटका मोजा. दिव्याच्या बटणाभोवती बोटांचे ठसे, शेगडीमागे तेलकट वाफेचा पट्टा, खुर्चीची पाठ भिंतीला घासते तिथला ओरखडा. दोन दिवसांत त्या कोऱ्या घराला वीस वर्षांचं करून टाकायच्या. त्यांचं खरं नाव हजेरीच्या कागदावर असेल. आम्ही त्यांना डागबाईच म्हणायचो, आणि त्याही फोन उचलून "हं, डागबाई बोलतेय" असंच म्हणायच्या.

मी त्या मालिकेचे संवाद लिहायचो. विनोदी मालिका, लहानशा शहरातल्या एका कुटुंबाची. शहराला नाव द्यायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं होतं. सुरुवातीला दिसणारी गावाची पाटी झाडाच्या फांदीआड अर्धी लपेल, अशीच लावली होती. रस्ता म्हणजे मोजून चाळीस पावलं; त्यापुढे रंगवलेलं कापड. तरी प्रेक्षकांची पत्रं यायची. हे आमचंच गाव, बेकरीची ती झिजलेली पायरी आमच्या मावशीच्या घरासमोरची, तिच्यावर बसून मी लहानपणी बुटाच्या नाड्या बांधायचो. एकाने तर अख्खा नकाशा काढून पाठवला. त्यात आम्ही कधीच न बांधलेल्या दोन गल्ल्या होत्या. आम्ही तो भिंतीला चिकटवला आणि पोट धरून हसलो.

डागबाई हसल्या नाहीत. "मनाने काढलेला डाग खोटा दिसतो," त्या म्हणाल्या. "मी एकही डाग मनाने काढत नाही. कुठेतरी बघितलेलाच काढते. मग लोकांना ओळख पटते, त्यात काय नवल?"

त्या कुटुंबात मुलं होती, म्हणून दिग्दर्शकाला स्वयंपाकघराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा हव्या होत्या. डागबाईंनी कात्रीच्या टोकाने सहा खाचा पाडल्या. डाव्या हाताने. त्या उजव्या हाताच्या, त्यामुळे दोन-तीनदा कात्री सटकली. "हा काय हट्ट?" मी विचारलं. "असंच," म्हणाल्या.

त्या 'असंच'मागची गोष्ट मला बऱ्याच महिन्यांनी कळली. डागबाईंना एक धाकटी बहीण होती. अंगाने लहानखुरी, म्हणून घरात तिला बुटकी म्हणत. वडील शिंपी, आणि डावखुरे. दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ते बुटकीला चौकटीशी उभी करायचे आणि तिच्या डोक्याच्या उंचीवर लाकडात कात्रीने खाच पाडायचे. हात डावा, म्हणून ती खाच नेहमी उलट्या बाजूला झुकायची. बुटकी हळूच टाचा उचलायची आणि आई आतून ओरडायची, "टाचा टेकव गं!" चौथ्या वर्षापासून नवव्यापर्यंत सहा खाचा झाल्या. नवव्या वर्षी वडिलांनी तिला कोपऱ्यावरच्या दुकानातून बटणं आणायला पाठवलं. दुकानदार म्हणाला, बटणं घेऊन गेली की. दुकान ते घर, मध्ये एकच वळण. त्या वळणावर ती कुठे गेली, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. डागबाई तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. पुढे वडील गेले. रस्ता रुंद करताना घर पाडलं गेलं, त्यात ती चौकटही गेली.

आई मात्र होती. ऐंशी ओलांडलेली, कानाने पक्की, डोळ्याने त्याहून पक्की. रोज संध्याकाळी सातला मालिका बघायची. विनोदांना हसायची नाही, नुसती घर बघत बसायची. एक दिवस तिने लेकीला विचारलं, "दहाव्या वर्षाची खाच कधी केलीस?"

"मी सहाच केल्यात, आई."

"सात आहेत. मला मोजता येत नाही का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डागबाईंनी जाऊन पाहिलं. सात होत्या. सातवी सहावीपेक्षा तीन बोटं वर, आणि उलट्या बाजूला झुकलेली. त्यांनी आधी सुताराला धरलं. "बाई, मला माझी कामं थोडी आहेत का?" तो म्हणाला. मग त्या माझ्याकडे आल्या आणि बसून सगळं सांगितलं. सांगताना आवाज अगदी सरळ होता, फक्त हातातला मोजा त्या सारख्या उलटा-सुलटा करत होत्या.

खरं सांगतो, मला त्यांचाच संशय आला. माणूस दुःखात काय करेल याचा नेम नसतो. आणि पुढच्या आठवड्यात डागबाई दुसऱ्या कामासाठी परगावी जाणार होत्या, आठ दिवस. आमचंही चित्रीकरण बंद होतं. मी सेटला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. नवव्या दिवशी सकाळी पहारेकऱ्यासमोर कुलूप उघडलं. चौकटीवर आठवी खाच होती. खाली फरशीवर लाकडाचा बारीक भुसा पडला होता, आणि ताज्या लाकडाचा वास येत होता. मी खाचेवरून बोट फिरवलं तर लाकडाचं कुसळ बोटात घुसलं. पहारेकऱ्याने विचारलं, "काय झालं साहेब?" मी म्हणालो, काही नाही.

डागबाईंना सांगितलं. त्यांनी घरी जाऊन आईला सांगितलं. मला वाटलं म्हातारी हाय खाईल. पण ती म्हणाली, "म्हणजे हेपण तिथेच आहेत. बरं झालं. इतकी वर्षं मला वाटत होतं, पोर एकटीच आहे."

त्यानंतर दोन-दोन महिन्यांनी एकेक खाच वाढत गेली. आम्ही कुणाला बोललो नाही. दृश्यं तशीच चालली. नट त्या चौकटीला टेकून विनोद करायचे, आणि मी लिहिलेलं वाक्य पडलं की हशा पिकायचा. मला मात्र त्या चौकटीजवळचे प्रसंग लिहवेनात. मी सगळ्यांना ओट्यापाशी नाहीतर अंगणात न्यायला लागलो. दिग्दर्शक वैतागला. "स्वयंपाकघराचं तुझं काय वाकडं आहे?"

मग आईने हट्टच धरला. "त्या गावाला बस जाते का गं?"

"आई, ते गाव नाहीये. लाकडाचं आहे."

"लाकडाचं तर आपलं घरही होतं. मला ने."

सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघी आल्या. मी दार उघडलं, वरचे चार दिवे लावले. आई काठी टेकत चाळीस पावलांचा रस्ता चालली. बेकरीच्या पायरीशी थांबली, पुढे गेली. भिंतीमागच्या फळ्या, टेकू, वायरींची भेंडोळी सगळं उघडं दिसत होतं. मलाच ओशाळल्यासारखं झालं. तिने तिकडे पाहिलंही नाही. चौकटीशी आली, आणि सगळ्यात खालच्या खाचेपासून बोट वर वर नेऊ लागली. पाठ वाकलेली, त्यामुळे सगळ्यात वरची खाच तिच्या हाताच्या बाहेर होती. डागबाईंच्याही डोक्यापेक्षा चार बोटं उंच.

"बुटकी राहिली नाही की," आई म्हणाली. आणि लेकीकडे वळून, "तुझ्यापेक्षा उंच झाली बघ. तू जेवायचीस कुठे धड!"

डागबाई हसल्या आणि त्याच हसण्यात रडायला लागल्या. आईने त्यांना हाताने गप्प केलं. ती कान देऊन ऐकत होती. आत खोटी शेगडी, रिकामे डबे आणि खिडकीबाहेर रंगवलेलं आभाळ, एवढंच होतं.

"मशीन चालू आहे त्यांचं," ती हळूच म्हणाली. "घाईचे कपडे असणार. कामात आहेत, आत्ता नको बोलवायला. मी येईन सवडीने."

मीही कान देऊन ऐकलं होतं. मला काही ऐकू आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

त्या दिवसानंतर नवी खाच झाली नाही. तीन महिन्यांनी, एका दुपारी खुर्चीत बसल्याबसल्या आई गेली. चौथ्या दिवशी डागबाई कामावर हजर होत्या. वर्ष संपता संपता मालिकाही बंद झाली आणि सेट मोडायला काढला. सुताराने आपण होऊन विचारलं, "बाई, चौकट घरी नेता का? टेम्पोत घालून देतो."

"नको. पत्ता बदलला की माणसं चुकतात."

"मग काय करू?"

"तोडू नकोस, एवढंच कर."

बाकी सगळं गाव दोन दिवसांत भुईसपाट झालं. चौकट डागबाईंनी आणि सुताराने मिळून उंबऱ्यासकट उचलली आणि सेट उभा होता त्याच गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.

गेल्या महिन्यात डागबाई मला बस थांब्यावर भेटल्या. काम सोडलंय, गुडघे साथ देत नाहीत. मी चौकटीचं विचारलं.

"जाते ना मी, महिन्यातून एकदा. सुताराने उभीच ठेवलीय. धूळ पुसते, येते."

"नवीन काही?"

त्यांनी थोडा विचार केला, सेटवर भिंत बघताना करायच्या तसा. "खाचा नाहीत. पण उंबरा झिजायला लागलाय. मधोमध. मी काही केलेलं नाही हो. रोजची ये-जा असली की तशी झीज होते, आणि एकट्या-दुकट्याची नव्हे ती. तीन माणसांची आहे."

मग त्यांनी गुडघ्यांच्या औषधाचा विषय काढला, आणि बस येईपर्यंत आम्ही तेच बोलत बसलो.