समुद्राचं मीठ आणि माझं अळणी व्रत

सांगायला लाज वाटते, पण चहाला उकळी येईपर्यंत दुसरं करायचं तरी काय? ऐका तर. मी एकदा भरलेली बोट बुडवायला निघाले होते. तीही देवाचं नाव घेता घेता!

संस्थानं भारतात विलीन होत होती, तेव्हाची गोष्ट. "सौराष्ट्रही आता आपल्यातच आलं, चल, द्वारका करून येऊ," असं ह्यांनी ठरवलं. मुंबईहून बोटीनं! आम्ही बुरहानपूरची माणसं. पाणी पाहिलं ते तापीचं, तेही घाटाच्या पायरीवर बसून. तापीचा पलीकडचा काठ दिसतो, म्हणून जीव राहतो. समुद्राला काठच नाही हो!

मी देवापुढं पदर पसरला. "द्वारकाधीशा, बोट सुखरूप पोचव. तुझं दर्शन होईपर्यंत मिठाचा कण तोंडात घालणार नाही."

सोबत ह्यांची मावसबहीण कमलाताई होती. बुरहानपूरजवळच्या फोपनार गावची. केळीच्या बागेत या टोकाहून त्या टोकाला हाका मारायची सवय, त्यामुळे तिचं कुजबुजणंही गावभर जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी डेकवर बसलो होतो. मी डोळे मिटून जप करत होते. एवढ्यात एक लाट आपटली आणि फस्सकन पाणी तोंडावर! जीभ आपसूक ओठांवरून फिरली.

खारट!

मी कमलाताईचा दंडच धरला. "कमलाताई, मोडलं गं! मीठ पोटात गेलं. आता ही बोट काही राहत नाही!"

"व माय! बुडन काय?"

झालं! आवाज गेला पार बोटीच्या धुराड्यापर्यंत. शेजारचा फेटेवाला उठला. "कोण म्हणतं बुडणार?"

"आमची वहिनी म्हणते! उपासतापासाची बाई आहे, तिला आधीच कळतं!"

फेटेवाला पळाला. त्याच्यामागे दहा जण पळाले. मी मात्र डोळे मिटून देवाची क्षमा मागत होते. थोड्या वेळानं एक बाई धापा टाकत आली. "मावशी, ऐकलं का? खाली भोक पडलंय, खारं पाणी आत शिरलंय!"

मला काय वाटलं असेल? मी म्हटलं, "बघा! मला तर आधीच कळलं होतं!"

स्वतःचीच बातमी फिरून माझ्याकडं आली होती, पण मला मेलीला ओळखू आली नाही.

मग काय, सगळे निघाले बोटीवरच्या साहेबाकडं. सर्वांत पुढं मी! एरवी परक्या पुरुषासमोर मान वर न करणारी, पण जिवाची भीती फार वाईट. "साहेब, फुटकी बोट आणता? भाडं परत द्या, वर भरपाई द्या, आणि आम्हाला आत्ता काठावर सोडा!"

साहेब कोकणातले, शांत माणूस. "कंपनीची चूक असेल तर भरपाई जरूर मिळेल. भोक कुणी पाहिलं?"

धापा टाकणाऱ्या बाईनं फेटेवाल्याकडं बोट दाखवलं. फेटेवाल्यानं कमलाताईकडं. आणि कमलाताईनं... माझ्याकडं.

"बाई, तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं नाही," मी म्हटलं. "चाखलं."

सगळी हकिगत सांगितली. साहेबांनी मिशीवर हात ठेवून हसू झाकलं. मग म्हणाले, "समुद्र खारट निघाला, याची भरपाई कंपनी देत नाही."

मला हुंदकाच फुटला. "पण माझं व्रत मोडलं त्याचं काय? सगळे बुडतील हो!"

तेवढ्यात गर्दीतून हे आले. "अगं, मुंबईच्या धक्क्यापासून तू रडते आहेस. डोळ्यांतलं पाणी काय गोड होतं? व्रत तिथंच मोडलं म्हणायचं. तरी देवानं इथवर आणलंच ना?"

खरंच की! जिवात जीव आला. पण लोकांचं काय? पळापळीत त्यांचे डबे उलटले होते, भाकऱ्या पायाखाली आल्या होत्या त्या वेगळ्याच.

"आमची भरपाई?" सगळे ओरडले.

"चूक ज्याची, भरपाई त्याची," साहेब म्हणाले आणि माझ्याकडं पाहिलं.

मी गुपचूप डबा उघडला आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक दशमी ठेवली. सगळे खाऊ लागले. हळूहळू चावणं थांबलं. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले.

मग तो फेटेवाला अर्धी दशमी हातात धरून पुन्हा साहेबांकडं गेला.

"साहेब, ही भरपाई अळणी आहे. आता हिची भरपाई कोण देणार?"