डाव्या गालावरचा तीळ

बाळाचा पासपोर्ट पोस्टाने घरी आला तेव्हा आम्ही तिघांनी तो उलटसुलट करून बघितला. नवऱ्याने नावाचं स्पेलिंग तपासलं, मी जन्मतारीख तपासली आणि सासूबाईंनी फोटो बघून "अगदी आजोबांवर गेलाय" असं जाहीर केलं. फोटो तो चाळीस दिवसांचा असतानाचा. चाळीस दिवसांची सगळीच पोरं दिसतात तसा तो दिसत होता, डोळे अर्धवट मिटलेले आणि डाव्या गालावर सासूबाईंनी लावलेली काजळाची ठसठशीत तीट. आतल्या पानावर बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. ती कोणीच वाचली नाही.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची. गाझियाबादच्या एका नव्या कॉलनीत आम्ही राहायला गेलो होतो, फ्लॅट तयार होते आणि रस्ते अजून व्हायचे होते. नवऱ्याने सरकारी नोकरी सोडून एका परदेशी कंपनीत नोकरी धरली होती. दिल्लीतल्या आमच्या मराठी गोतावळ्यात जो तो कुठल्या ना कुठल्या मंत्रालयात. "पेन्शनवर पाणी सोडलंत?" असं लोक सुतकात आल्यासारख्या चेहऱ्याने विचारायचे. वर्षभरात कंपनीने त्याला आठ दिवसांच्या ट्रेनिंगला सिंगापूरला पाठवायचं ठरवलं. मग हेच लोक येताना चांगल्यापैकी टॉर्च आणा म्हणून सांगायला लागले.

मला सिंगापूर बघायचं नव्हतं. मला ताईकडे जायचं होतं. आमची आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ताई एकवीस. माझ्या वेण्या, माझा अभ्यास, माझी दुखणी, सगळं तिनेच काढलं. मी कॉलेजात गेल्यावर मग तिने लग्न केलं आणि भावोजींबरोबर सिंगापूरला गेली. माझ्या लग्नाला आली ती शेवटची. नंतर भावोजींना अर्धांगाचा झटका आला, आणि त्यांच्यापाशी बसायला दुसरं कोणी नाही म्हणून तिचं येणंच थांबलं. तिला मूल नाही. माझी दोन्ही पोरं तिने फक्त फोटोत बघितलेली. थोरली तीन वर्षांची झाली, धाकटा सात महिन्यांचा, आणि मावशीच्या मांडीवर अजून एकही बसलं नव्हतं. ते मला करायचं होतं, बाकी काही नाही. "दोन लहान पोरांना घेऊन? वेडी की काय?" असं सगळ्यांनी म्हणून झालं. मी कोणाचं ऐकते होय.

निघायच्या आदल्या दिवशी मी बाळाच्या दुपट्यांच्या घड्या करत होते. सासूबाई काजळाची डबी घेऊन आल्या आणि माझ्या पर्समध्ये ठेवत म्हणाल्या, "रोज लाव हं. तिकडे तर जरा जास्तच लाव."

"तिकडे का जास्त?"

त्या चादरीची नसलेली सुरकुती सारखी करायला लागल्या. आणि मला लख्ख कळलं. मूल नसलेल्या बाईची नजर. माझ्या ताईची नजर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण ह्याच बाईने दोन्ही बाळंतपणांत माझं सगळं केलं होतं, रात्री पोरांना खांद्यावर टाकून फेऱ्या मारल्या होत्या, हेही खरंच होतं. मी गप्प बसले. डबी मात्र पर्समधून काढून कपाटात टाकली आणि ठरवलं की ताईच्या हातात माझं पोर जाईल ते स्वच्छ चेहऱ्यानं.

सकाळचं विमान होतं. शेजाऱ्यांच्या मारुती व्हॅनमधून सासूबाई विमानतळापर्यंत पोचवायला आल्या. दारातून आत जायच्या क्षणी त्यांनी पदराच्या गाठीतून काजळाची पुडी काढली आणि काही समजायच्या आत बाळाच्या गालावर बोट टेकवलं. म्हणजे डबी कपाटात गेली हे त्यांना ठाऊक होतं. मी हसून नमस्कार केला, आत गेले, आणि इमिग्रेशनच्या रांगेत उभी राहून रुमालाने तो गाल घासून पुसला. पुसताना किती बरं वाटलं म्हणून सांगू.

काउंटरवर एक तरुण अधिकारी होता. आमचे तिघांचे पासपोर्ट झाले. चौथ्यावर तो थांबला. पासपोर्टकडे बघितलं, बाळाकडे बघितलं, पुन्हा पासपोर्टकडे.

"मैडम, तिल कहाँ है?"

"कौनसा तिल?"

त्याने पासपोर्ट आमच्याकडे वळवला. ती न वाचलेली ओळ. ओळखीची खूण: डाव्या गालावर काळा तीळ. फॉर्म आमच्या एजंटाने भरला होता. त्याने बिचाऱ्याने बाळ कुठे बघितलं होतं, त्याच्यासमोर फोटो होता, फोटोत गालावर काळा ठिपका होता. त्याने तो इमानदारीत लिहून टाकला.

"वो तीट है," मी म्हणाले. मग हिंदीत काय म्हणतात ते आठवेना. दिल्लीत आठ वर्षं काढलेली मी, घामाघूम. "नज़र का टीका," नवरा म्हणाला.

"तो टीका कहाँ है?"

"पोंछ दिया."

"कब?"

"अभी. लाइन में."

हे माझ्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा मलाच कसंतरी वाटलं. अधिकाऱ्याचा चेहरा बदलला. सात महिन्यांचं पोर, चाळीस दिवसांच्या फोटोशी काडीचंही साम्य नाही, एकच काय ती खूण आणि तीही रांगेत उभं राहून पुसलेली. त्याने काउंटरवरून वाकून थोरलीला विचारलं, "बेटा, ये बेबी किसका है?"

आता आमची थोरली. भाऊ आल्यापासून तिचं एकच म्हणणं होतं, की ह्याला जिथून आणला तिथे परत देऊन या. "हमारा नहीं है," ती स्पष्ट म्हणाली. "ये तो अस्पताल का है."

झालं. चारही पासपोर्ट घेऊन तो आत गेला आणि आम्हाला बाकावर बसवलं. मागची रांग आमच्याकडे अशी बघत होती की जणू आम्ही पोरं पळवणारी टोळी आहोत. नवरा हळूच म्हणाला, "तू पुसलीस कशाला पण?" मी म्हणाले, "नंतर सांगते." विमानाची घोषणा झाली. जीव नुसता टांगणीला लागला होता. ताईने भावोजींपाशी बसायला शेजारीण ठरवून ठेवली होती, फक्त त्या दुपारपुरती, विमानतळावर येता यावं म्हणून. आज चुकलं तर पुन्हा कधी? मला रडू फुटायला लागलं, आणि मी रडायला लागले की आधी चिडते. थोरलीला म्हणाले, "तुझा भाऊ नाही का गं हा?" ती म्हणाली, "थोडा थोडा आहे."

शेवटी एक वयस्कर साहेब बाहेर आले, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी काही न विचारता बाळाचा गाल उजेडाकडे वळवला. मला एकदम रुमाल आठवला. मी तो उघडून त्यांच्यापुढे धरला, भला मोठा काळा डाग. साहेबांनी रुमाल बघितला, पासपोर्टातला फोटो बघितला, आणि त्यांच्या मिशा हलल्या.

"मैडम, नज़र से तो बचा लिया. पासपोर्ट से कौन बचाएगा?"

शिक्का बसला. जाताना त्यांनी बजावलं, परत आल्यावर दुरुस्त करून घ्या. आणि सिंगापूरला उतरायच्या आधी टीका जरूर लावा, तिथल्या लोकांना तुम्ही काय समजावणार?

म्हणजे बघा. विमानात माझ्या शेजारी एक सिंधी बाई होत्या, त्यांच्याकडे काजळाची कांडी मागितली आणि माझ्या हाताने, दात-ओठ खात, फोटो समोर धरून, बरोबर त्याच जागी माझ्या पोराला तीट लावली. नवरा खिडकीकडे तोंड करून हसत होता. उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने एकदा फोटोकडे बघितलं, एकदा गालाकडे, आणि शिक्का मारला. अर्धं मिनिटही लागलं नाही.

ताईला दिसायच्या आत पुसायचं होतं. पण ते काजळ उंची होतं, निघता निघेना. थुंकी लावून घासलं तर ठिपक्याचा फराटा झाला आणि अर्धा गाल काळा. तोवर विमानतळाचा बाहेरचा दरवाजा उघडलाही.

ताई समोर उभी होती. केस पांढरे झालेले. दोन्ही हात पुढे करूनच ती आली आणि बाळाच्या गालाकडे नजर जाताच ते हात जागच्या जागी थांबले. मग ती खाली वाकली आणि म्हणाली, "आधी ह्या बाईसाहेबांना घेते," आणि थोरलीला कडेवर घेतलं. टॅक्सीत मी तिला पासपोर्ट दाखवला, तिळाची सगळी कथा सांगितली. ती इतकी हसली की ड्रायव्हर वळून बघायला लागला. पण बाळाला तिने घेतलं नाही. मी पुसलं का होतं, ते मी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

घरी गेल्यावर मी बाळाचं तोंड साबणाने धुतलं आणि त्याला तिच्या मांडीत ठेवून सरळ आंघोळीला निघून गेले. मुद्दाम तासभर लावला. बाहेर आले तेव्हा ती तशीच बसलेली, बाळ तिच्या मंगळसूत्राच्या वाट्या चोखत होतं, आणि भावोजी खुर्चीतून डाव्या हाताने त्याचा पाय धरू बघत होते.

आठ दिवस फार छान गेले. नवरा ट्रेनिंगला जायचा आणि मी ताईच्या स्वयंपाकघरात ओट्याशी बसून बोलत राहायचे. प्रेक्षणीय म्हणतात तसं आम्ही काहीएक बघितलं नाही. थोरली लिफ्टची बटणं दाबत वरखाली करायची आणि रोज संध्याकाळी विचारायची, "मावशी, तुमच्याकडे लाइट कब जाएगी?" बाळाला मी फक्त पाजायला हातात घेत होते. बाकी सगळा वेळ तो ताईकडे. न्हाऊमाखू घालणं, भरवणं, झोपवणं. मला लहानपणी म्हणायची तेच काहीबाही ती त्याला म्हणायची, आणि मी दुसऱ्या खोलीत पडल्यापडल्या ऐकायचे. इतकी सुखाची झोप मला त्या वर्षात लागली नव्हती.

निघताना विमानतळावर तिने बाळाला माझ्याकडे दिलं. शाल सारखी केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या सासूबाईंना सांग, आठ दिवस डोळे भरून बघितला मी त्याला. साधी सर्दीसुद्धा झाली नाही."

मी तिला एका शब्दाने बोलले नव्हते. "ताई, अगं..."

"बारा वर्षं झाली माझ्या लग्नाला," ती म्हणाली. "मला कळत नाही होय? जा आता, रांग वाढतेय."

दिल्लीत उतरलो तर सासूबाई व्हॅन घेऊन हजर. बाळाला घेतलं, मुके घेतले, दोन्ही गाल निरखून बघितले. यमुनेचा पूल येईपर्यंत मी कळ काढली. मग सांगून टाकलं, ताईचे शब्द जसेच्या तसे, वर माझ्याकडून काही न घालता. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, कारण मी रांगेत तीट का पुसली ते त्यालाही तेव्हाच कळत होतं. बाळ सासूबाईंच्या खांद्यावर झोपलं होतं आणि त्या बाहेर बघत होत्या. पूल गेला, फॅक्टऱ्या गेल्या, आमच्या कॉलनीचा कच्चा रस्ता लागला आणि व्हॅन हिंदकळायला लागली.

"यजमानांपाशी बसायला कोणी नाही म्हणून ती येत नाही ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग माझा पासपोर्ट काढायला टाका," त्या म्हणाल्या. "मी जाऊन बसते."