अर्धाच वाचलेला निबंध

"आता ऐका, आपल्या वर्गातल्या एका आदिवासी मुलीनं काय लिहिलंय ते," असं म्हणून सरांनी माझा निबंध उचलला. कर्जतचं कॉलेज, बारावीचा वर्ग. विषय होता, आरक्षण चालू ठेवावं का. सर वाचू लागले. गुण कमी असून जागा मिळते. राबून अभ्यास करणारा मागे राहतो. एकदा मिळालं की पिढ्यान् पिढ्या घेतच राहतात. वाक्यं माझीच होती. मीच घोटून घोटून लिहिली होती. पुढच्या बाकांवरून टाळ्या पडल्या.

पान संपलं. सरांनी ते उलटलं नाही. कागद टेबलावर ठेवला आणि हसले.

"जिला मिळतंय तीच नको म्हणते. आता बोलायचं काय राहिलं?"

मी उभी राहिले. "सर, मागचं पान वाचा ना."

"मागं नेहमीचंच रडगाणं आहे. बस."

वर्ग खिदळला. अंगाची लाही लाही झाली, तरी मी खाली बसले.

विरुद्ध बाजू मांडायची आणि मग ती खोडायची, हे सरांनीच शिकवलं होतं. त्यांच्या नमुन्यात ती बाजू दोन ओळींची असायची. मरतुकडी. फुंकर मारली की पडेल अशी. मला ते पटेना. आमची ठाकरांची वाडी कशेळ्याच्या वर, डोंगरात. तिथे भांडण मिटवायला माणसं बसली की आधी स्वतःचं रडायचं नाही. समोरच्याचं गाऱ्हाणं आपण आपल्या तोंडानं सांगायचं, त्याच्यापेक्षा चांगलं. तो "हां, ह्योच माजा बोल" म्हणाला की मग आपली पाळी. बाबा मला लहानपणापासून तिथे शेजारी बसवायचे. म्हणायचे, "त्याचं पुरं बोल गं. अर्दं ठेवलंस तर तुजं कोन ऐकंल?"

म्हणून मी पुढचं अख्खं पान आरक्षण नको म्हणणाऱ्यांना दिलं. ते माना डोलवतील, मग माझं ऐकतील असं वाटलं. मूर्ख होते मी.

मागच्या पानावर मी लिहिलं होतं की आजोबा ज्या उतारावर नाचणी करायचे, तिथे आता रिसॉर्टचा पोहण्याचा हौद आहे आणि माझी आई तिथे चादरी धुते. ज्यांच्या घरात आजोबांपासून पुस्तकं आहेत, त्यांनाही ती आयतीच मिळाली. तीही सवलतच. फक्त तिचा दाखला कोणी मागत नाही. हे एकही वाक्य त्या वर्गानं ऐकलं नाही.

घरी बाबांना सांगितलं. ते वाडीच्या बैठकीच्या हिशोबानं म्हणाले, "मधीच उठला त्यो? मधी उठला त्यो हरला."

"तिकडं नाय हरत, बाबा," मी म्हणाले. त्यांनी मान खाली घातली. त्यांचं ते मान घालणं मला सरांच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले आणि मी न विचारता उभी राहिले.

"सर, तुमचं म्हणणं मी सांगते. चुकलं तर थांबवा. वाडीवरची मुलगी तुमच्या बाजूनं बोलली तर हुशार. स्वतःच्या बाजूनं बोलली तर रडगाणं. हाच तुमचा बोल ना?"

"खाली बस."

"हां की नाय, सर?"

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. वर्गात या वेळी कोणी हसलं नाही. मला बाहेर काढलं आणि बाहेर जाताना मी मान खाली घातली नाही. खोटं कशाला बोलू, त्या चेहऱ्याची मजा वाटली. अजून वाटते.

सरांनी सूड घेतलाच. कॉलेजच्या वार्षिक अंकात निबंध छापला, पुढचंच पान, खाली माझं नाव आणि फोटो. ते पान मोबाइलवरून फिरलं. चौक गावच्या एका मुलानं वादविवाद स्पर्धेत ते वाचून बक्षीस मारलं. आरक्षण बंद करा म्हणणाऱ्यांची साक्षीदार म्हणून आजही माझं नाव फिरतंय, आणि तक्रार केली तर म्हणतात, शब्द तुझेच आहेत ना?

आता मी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. लिहिण्याची रीत बदलली. समोरच्याचा मुद्दा आणि माझं उत्तर एकाच वाक्यात विणते, म्हणजे कातर चालवली तर दोन्ही जातील. समोरच्याचं पूर्ण ऐकायची रीत खरी आहे, पण ती शेवटपर्यंत बसणाऱ्यांसाठी. उठून जाणाऱ्यांना मी आता पान देत नाही.

परवा त्याच कॉलेजातून फोन आला. आमची माजी विद्यार्थिनी म्हणून निबंध स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला या. बोलणारे सरच होते. आवाजात साखर. जुनं विसरून जाऊ म्हणाले. मी येते म्हटलं.

विसरायला जात नाहीये. माइक माझ्या हातात असेल आणि सर व्यासपीठावर, सगळ्यांसमोर, अडकलेले. तो अंक घेऊन जाणार आहे. कोणी काय कापलं, ते त्यांचं नाव घेऊन सांगणार आहे. त्यांना घाम फुटेल. फुटू दे. मी थांबणार नाही.