दोन इंच ठेंगणं स्टूल

सकाळचे साडेसहा. सुमंतच्या बायकोने, वसुमतीने, फिल्टरमधलं कॉफीचं डिकॉक्शन पातेलीत ओतलं होतं, लेकीचा, अक्षराचा, शाळेचा पट्टा रोजच्यासारखा सापडत नव्हता, आणि सुमंत आरशासमोर उभा राहून डोक्यावरच्या नुकत्या फुटलेल्या खुंटांवरून हात फिरवत होता. वडील, अप्पासाहेब, जाऊन पंधरा दिवस झाले होते. आज पहिल्यांदा कामावर जायचं होतं. बोम्मसंद्र्याच्या पंपाच्या कारखान्यात तो तपासणीला होता. कंपनीची बस सात दहाला जे. पी. नगरच्या कोपऱ्यावर यायची. रडू अजून आलं नव्हतं. येईल तेव्हा येईल, गॅसचा सिलिंडर येतो तसं, असं म्हणून त्याने तो विषय बाजूला ठेवला होता.

दारावर थाप पडली. दोनदाच, सरळ.

आला तो किट्टी, पण किट्टीची थाप अशी नसायची. कृष्णमूर्ती हे त्याचं पूर्ण नाव. मागच्या गल्लीतला, शाळेपासूनचा मित्र, आणि त्यांच्या 'नाइन्थ क्रॉस' या बँडचा गिटारवाला. सतरा वर्षं तो दारावर कुठल्या तरी गाण्याचा ठेका वाजवूनच आत यायचा. आज चपला काढून, स्वतःच्या पायांकडे बघत आला.

"ये रे, कॉफी घे," सुमंत म्हणाला. दोघं कन्नडातच बोलायचे. किट्टीला मराठी समजायचं सगळं, बोलायचा मात्र तो तोडकंमोडकं.

"स्वल्पच दे, अक्का," तो वसुमतीला म्हणाला.

बँडमध्ये निवेदिता गायची, अभिराज बेस वाजवायचा आणि सुमंत ड्रमवर. चौघांनाही नोकऱ्या. दर शनिवारी के. आर. पुरमकडच्या एका पबात वाजवायचं, मधूनमधून कॉलेजं, कंपन्यांचे समारंभ. मोठं नाव झालं नाही, पण शनिवारही कधी रिकामा गेला नाही. अप्पासाहेब गेले तेव्हा सगुणाआत्याने बजावलं, "तेरा दिवस वाद्याला हात लावायचा नाही." मग सुमंतनेच विराटचं नाव सुचवलं. चोवीस वर्षांचा, उंच, हात वाऱ्यासारखा चालणारा. गच्चीवर बसून सुमंतने चौदाही गाणी मांडीवर वाजवली आणि फोनवर रेकॉर्ड करून त्याला पाठवली. मांडी काही वाद्य नव्हे. निवेदिता कुठे सूर लांबवते, अभिराज कुठे घाई करतो, तेही सांगितलं. कुणी एवढं शिकवतं का? पण ते करताना त्याला काहीच वाटत नव्हतं, आणि त्या दिवसांत काही न वाटणंच बरं होतं.

"उद्या शनिवार. साडेचारला निघू ना?" सुमंतने किट्टीला विचारलं.

किट्टी पेल्यातल्या फेसावर फुंकर घालत राहिला. "घाई कशाला, सुमंता? आमचे अप्पा गेले तेव्हा वर्षभर घरात रेडिओ लावला नव्हता. तुझंही वर्ष होऊ दे. तोवर विराट सांभाळेल."

"आमच्यात तेराच दिवस असतात, किट्टी," वसुमती स्वयंपाकघरातून मराठीत म्हणाली. "चौदाव्याला गोड जेवण झालं की. पुरणाच्या तीन होळिगे कोणी खाल्ल्या मग?"

"सरी, अक्का, बरोबर," किट्टी पुटपुटला.  सोफ्याखालून अक्षराचा पट्टा निघाला.

"पोस्टर पाहिलं मी," सुमंत म्हणाला. काल फोनवर आलं होतं. चार चेहरे, चौथा विराटचा. त्याने सवयीने त्यावर अंगठ्याचं चिन्हही टाकलं होतं.

"पबवाल्यांना तो आवडला रे. निवेदिता म्हणते, गाणी पळायला लागलीत. फोनवर सांगणार होतो, पण..."

"बरं केलंस, आलास ते."

"टकल्या, भांड की माझ्याशी! शिव्या तरी घाल."

सुमंतने राग शोधून पाहिला, खिशात किल्ली चाचपावी तसा. नव्हता. "बस चुकेल माझी," तो म्हणाला. मग बुटाची नाडी बांधता बांधता त्याने विचारलं, "त्याला सगळं जमतंय ना?"

"जमतंय. तुझं स्टूल तेवढं ठेंगणं पडतं. गुडघे हनुवटीला लागतात म्हणतो. नवीन मागवलंय."

दुकानातून आणलेल्या त्या स्टुलावर सुरुवातीला सुमंतचे पाय नीट टेकायचे नाहीत, पाठ धरायची. अप्पासाहेबांचा जन्म लेथवर गेलेला. एका संध्याकाळी त्यांनी त्या स्टुलाची दांडी दोन इंच कापली, टोक पुन्हा कातून घेतलं आणि काही न बोलता कोपऱ्यात आणून ठेवलं. कार्यक्रमाला ते एकदाही आले नाहीत. रविवारी सकाळी मात्र विचारायचे, "पाठ कशी आहे?" बस, एवढंच.

किट्टी चपला घालून फाटकापर्यंत गेला होता.

"किट्टी."

"हां?"

"उद्या सामान गाडीत भरशील ना, तेव्हा माझं स्टूल तेवढं घरी आणून दे."